‘निष्काळजी माणूस काढा, रुग्णालय सुरक्षित’? इतकं सोपं नाही

रुग्णालय व्यवस्थापनाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: रुग्णालयातल्या प्रत्येक दुर्घटनेमागे कुणाचा तरी हलगर्जीपणा असतो. दोषीला घरी पाठवा, घटना-नोंदी (झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी) शून्यावर आणा, चेकलिस्ट सक्तीची करा, आणि वीज-कॉम्प्युटरची काळजी त्या त्या विभागावर सोडा. वाचायला झकास आहे. अमलात आणलं तर रुग्णांचं काही खरं नाही.

‘दोषी शोधा, काढून टाका.’

डिसेंबर २०१७, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं एक मोठं रुग्णालय. स्कॅनआधी रुग्णाची घालमेल कमी व्हावी म्हणून ‘वर्सेड’ द्यायचं होतं. नर्सने औषधांच्या स्वयंचलित कपाटावर ‘व्ही-ई’ ही दोन अक्षरं टाकली. कपाट जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावाने शोधत होतं, आणि वर्सेडचं जेनेरिक नाव मिडाझोलाम. औषध सापडेना, म्हणून तिने ओव्हरराइड केलं, म्हणजे कपाटाची नेहमीची अडवणूक बाजूला सारली, आणि यादीत दिसलेलं वेक्युरोनियम उचललं. हे औषध स्नायू लुळे पाडतं, श्वासाचेसुद्धा. रुग्ण दगावली. नर्सने चूक लपवली नाही. तरी २०२२ मध्ये ती न्यायालयात दोषी ठरली.

तिची चूक लहानसहान नव्हती. कुपीच्या टोपणावर इशारा छापलेला होता. शिवाय मिडाझोलाम द्रवरूप असतं आणि हातात होती पाण्यात विरघळवायची पावडर. पण तिला काढल्याने काय बदलतं? दोन अक्षरांवर यादी दाखवणारा सर्च तसाच राहतो, ओव्हरराइड तितकाच सोपा राहतो, आणि स्कॅनच्या विभागात औषधाचा बारकोड तपासायची सोय आधीही नव्हती, नंतरही नसते. उद्या तिथे दुसरी दमलेली नर्स उभी राहणार. आणि ज्या रुग्णालयाने तिला काढलं, त्याने ही घटना सरकारी यंत्रणेला कळवलीच नव्हती. ती पुढच्या वर्षी निनावी तक्रारीमुळे उघड झाली.

उलट बाजू बघा. व्हिंक्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध शिरेतून द्यायचं असतं. चुकून मणक्यात गेलं तर रुग्ण सहसा वाचत नाही, आणि अशा चुका अनेक देशांत झाल्या. ‘नीट बघून द्या’ हे वर्षानुवर्षं सांगूनही होत राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचवलं ते साधं होतं: सिरिंज नकोच, औषध छोट्या सलाइनच्या पिशवीत भरा. पिशवी कुणी मणक्याच्या सुईला लावायला जात नाही. पातळ न करता दिलं तर जीव घेणाऱ्या तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या वॉर्डातून हलवून फार्मसीत ठेवायच्या, त्यामागचा विचारही हाच. माणूस चुकणार हे धरून मांडणी करायची.

‘नोंदी शून्य म्हणजे धोका शून्य.’

छे! नोंदी शून्य म्हणजे लोक घाबरलेत. ‘दोन अँप्युलची लेबलं सारखी, चुकीची उचलली, टोचायच्या आधी लक्षात आलं’ अशी चिठ्ठी म्हणजे रुग्णाला इजा न होता हाती आलेली माहिती. नोंदींच्या संख्येवर वॉर्डाची इभ्रत मोजली, की ती चिठ्ठी इनचार्ज सिस्टरच्या ड्रॉवरबाहेर येत नाही.

‘चेकलिस्ट सक्तीची करा.’

इथे मेसेजात अर्धं सत्य आहे. शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. मग कॅनडातल्या ओंटारिओने ती सगळीकडे लागू केली. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचे आकडे आले, तर मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही! रुग्णालयांनी कळवलेला वापर मात्र नव्वद टक्क्यांच्या वर. संशोधकांत यावर वाद आहेत, पण कागदावरचा वापर कसा असतो हे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम केलेल्यांना सांगायला नको. सर्जन अजून हात धुतोय, भूलतज्ज्ञ फोनवर आहे आणि सिस्टर एका दमात सगळ्या खुणा करून मोकळी होते.

‘वीज-कॉम्प्युटर त्या त्या विभागाचं.’

२०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका बड्या रुग्णालयाचे काही जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते. इंधनाची टाकी आणि पंप मात्र तळघरात, पुराच्या पाण्यात. सुमारे ३०० रुग्णांना अंधारात हलवावं लागलं, त्यांत अतिदक्षता विभागातली तान्ही बाळंही होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या कॉम्प्युटर व्हायरसने इंग्लंडच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांना (सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांना) फटका दिला. त्यावरचा पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) मार्चमध्येच आलेला होता. तो टाकायला मशीन बंद ठेवावं लागतं, त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलाव्या लागतात. हा निर्णय आयटीतल्या मुलाने घ्यायचा?

आज रात्री सर्व्हर पडला, तर कुणाला कोणतं औषध किती वाजता द्यायचं ते कुठल्या कागदावर मिळेल, हे रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा. तिला सांगता आलं नाही, तर तो कागद तयार करून घेणं हे वैद्यकीय अधीक्षकांचं काम आहे.