स्मोकरची काजळी, राख आणि गंज : निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

लोखंडी बॅरलच्या स्मोकरच्या, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस-मासे शिजवायच्या भट्टीच्या, देखभालीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही निपाणीहून एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच देतो. तुमचे आक्षेप तीन. मी एकीकडे म्हणतो आतला काळा थर खरवडू नका आणि दुसरीकडे म्हणतो काजळी साचू देऊ नका, मग वाचकाने करायचं काय? दुसरं, साबण-पाण्याने घासून धुतलं की झालं, एवढा बाऊ कशाला? तिसरं, भंगारवाल्याकडे बॅरल स्वस्तात मिळतो, तळ गेला की टाकून दुसरा आणावा. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की हल्ली तुमच्या स्मोकरचं झाकण नीट बसत नाही, कडेने धूर येतो. त्यावरही शेवटी बोलतो.

आधी काजळी. आत दोन वेगळे थर असतात आणि त्यांचं काम एकमेकांच्या उलट आहे. एक पातळ, कडक, काळपट-तपकिरी थर पत्र्याला घट्ट धरून असतो. त्यावरून बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही. तेल आणि धूर तापून तो तयार होतो, अगदी बिडाच्या तव्यावर धरतो तसा. हवेतली ओल थेट लोखंडाला लागू न देण्याचं काम तो करतो, म्हणून तो ठेवायचा.

दुसरा थर झाकणाच्या आतल्या बाजूला दिसतो. आधी चकचकीत, डांबरासारखा चिकट आणि पुढे वाळून पापुद्रे सुटणारा. हे पापुद्रे बघून पुष्कळ लोक म्हणतात की आतला रंग उडतोय. रंग नव्हे तो, जळलेली चरबी आणि काजळी आहे. तो चिकनवर पडतो, त्याच्यामागे ओल कोंडते, आणि फार साचला तर एखाद्या दिवशी पेट घेतो. तो काढायचाच. रंगारी लांबी भरायला वापरतात ती पत्ती घ्या, स्मोकर कोमट असताना ती आडवी धरून हलक्या हाताने चालवा. सुटेल तेवढंच सुटू द्या. खालचा घट्ट थर आपोआप जागेवर राहतो, जोर लावून चकचकीत पत्रा उघडा पाडायचा नाही.

हा चिकट थर येतो कोंडलेल्या आगीमुळे. लाकूड ओलं असेल किंवा हवेची भोकं फार बंद केली असतील तर धूर पांढरा, दाट निघतो आणि गार पत्र्यावर जमतो. आंबा, पेरू, चिकूचं लाकूड चांगलं, पण ते महिनोन्‌महिने वाळलेलं हवं. आपल्या खानापूर-चंदगड भागात काजूची टरफलं जळणाला सहज मिळतात म्हणून काही जण तीही टाकतात. कृपा करून टाकू नका. त्या टरफलांत दाहक तेल असतं, कातडीला लागलं तर फोड येतात. त्याचा धूर खाण्याला लागता कामा नये.

आता साबण-पाणी. जाळी काढून घासा, पाण्याचं भांडं घासा, चरबीचा ट्रे तर प्रत्येक वेळी घासा. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बॅरलच्या आत पाणी ओतण्याला. बॅरलच्या तळाला पत्रा दुमडून केलेली कड असते. त्या दुमडीत पाणी शिरलं की उन्हात ठेवूनही ते लवकर निघत नाही, आणि साबणाने तेलाचा थर गेल्यामुळे तिथलं लोखंड उघडं पडलेलं असतं. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते, भिंतीच्या मधून नाही.

पण पाण्यापेक्षाही मोठा शत्रू राख आहे, आणि मूळ लेखात मी सगळ्यात जास्त जागा तिला दिली होती ती त्यासाठीच. लाकडाच्या राखेतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. मसाला लावलेल्या मटणातून, बांगड्यातून गळणारं खारट पाणी त्याच राखेत पडतं, आणि मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंड भराभर खातं. धुरात तर आम्लही असतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि गार झालेल्या पत्र्यावर ते धुराच्या पाण्याबरोबर उतरतं. म्हणजे स्मोकर झिजतो तो मुख्यतः पेटलेला असताना नाही. तो झिजतो शिजवणं संपल्यावर, झाकण लावून तसाच सोडून दिलेल्या दिवसांत.

म्हणून माझा आग्रह एवढाच. शिजवून झाल्यावर हवेची सगळी भोकं उघडा आणि उरलेल्या निखाऱ्यांवर आतली वाफ निघून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी, राख पूर्ण गार झाल्याची खात्री करून, ती काढून टाका. दुमडीतली राख जुन्या ब्रशने काढा. मग करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फडक्याला लावून आतून पुसून घ्या. तेल थेंबभरच, ओघळ दिसता कामा नये, नाहीतर तेच चिकटून बसतं. पुढच्या वेळी पेटवाल तेव्हा ते तापून पक्कं होतं.

निपाणीत पाऊस बेताचा, त्यामुळे तुमचा बॅरल इतकी वर्षं टिकला हे मला पटतं. पण माझे बरेच वाचक खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचे आहेत. तिथे जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा बुरशी धरते. त्यांच्यासाठी सांगतो: बॅरल जमिनीवर नको, विटांवर ठेवा. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरतो. खालून हवा खेळू द्या. आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा नुसता छोटा जाळ करून आतून सुकवा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. भंगारातल्या बॅरलमध्ये आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. थिनर, सॉल्व्हंट किंवा डिझेलचा वास राहिलेल्या बंद बॅरलला ग्राइंडर किंवा गॅसकटर लावला तर आतल्या वाफेचा स्फोट होतो. माणसं दगावतात यात. शिवाय पुष्कळ बॅरलना आतून केमिकलचा लेप असतो, तो पूर्ण जाळून, घासून काढल्याशिवाय त्यात अन्न शिजवता येत नाही. स्वस्त म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचा डबाही आत नको. त्यावरचं जस्त साधारण 419 अंशाला वितळतं, निखारे त्याहून कितीतरी जास्त तापलेले असतात, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो.

त्यापेक्षा आहे तो दुरुस्त करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. भद्द वाजेल तिथे खडूने गोल करा आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा तुमच्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायला सांगा, वरून ठिगळ नको. बॅरलचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, साध्या आर्क वेल्डिंगने भोक पडतं, म्हणून सीओटू वेल्डिंग मागा. नवा तुकडा साध्या लोखंडी पत्र्याचा, दोन मिलिमीटरचा चालेल. त्याच फेरीत पाय असलेला सुटा राखेचा ट्रे करून घ्या. राख तळाला टेकलीच नाही तर निम्मं काम झालं. बाहेरून उष्णता सोसणारा रंग द्या, घरातलं साधं इनॅमल फुगून सुटतं. आतून कुठलाच रंग नाही.

राहिलं तुमचं झाकण. एक मीटर लोखंडी पत्रा 200 अंशांनी तापला तर साधारण अडीच मिलिमीटर वाढतो. तापलेल्या झाकणावर पाणी मारलं, किंवा जाळ एकाच बाजूला ठेवून फार भडकवला, तर ही वाढ असमान होते आणि कड पिळते. आधी थर्मामीटर तपासा. दांड्यावर काजळी चढली की तो उशिरा आणि कमी दाखवतो, आणि आपण उगाच जाळ वाढवत राहतो. पुसून उकळत्या पाण्यात धरा. आपल्याकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी शंभराला नाही, 97-98 अंशांना उकळतं, तेवढं दाखवलं तर ठीक. मग बिजागरीचे बोल्ट सैल करून झाकण हाताने बसवून बघा. पुष्कळदा कड वाकडी नसतेच, बिजागरीच खाली उतरलेली असते. तसं असेल तर भोक लांबट करून वर घेतलं की काम होतं. बिजागरीला तेल-ग्रीस नको, जळून चिकट होतं. ग्राफाइट पावडर लावा. कडच पिळली असेल तर सपाट फरशीवर ठेवून लाकडी हातोड्याने थोडी थोडी सरळ करा, आणि उरलेल्या फटीला फायबरग्लासची दोरी लावा. ॲस्बेस्टॉसची देऊ केली तर घेऊ नका. झाकण उघडून बिजागरीच्या बाजूचा फोटो पाठवलात तर दोन्हींपैकी नेमकं काय झालंय ते बघून सांगतो.