धबधबे मोजू नका, एक ओढा अख्खा बघा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी इनबॉक्समध्ये हवाईचा प्लॅन पाठवतं आणि विचारतं, "बघून सांगा ना, काही राहिलंय का?" प्लॅन उघडावा तर एका दिवसात पाच धबधबे, दोन लुकआउट, एखादी लाव्हाची गुहा आणि संध्याकाळी बीच. प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. खरं सांगायचं तर धबधब्यासाठी वीस मिनिटंही पुष्कळ होतात, कारण कठड्याशी उभं राहून फोटो काढला की तिथे करण्यासारखं काही उरतच नाही. तिसऱ्या धबधब्यापर्यंत माणसं गाडीतून उतरायचा कंटाळा करायला लागतात. "आधीच्यापेक्षा लहानच दिसतोय, राहू दे." हे संवाद मी पार्किंगमध्ये उभं राहून ऐकलेत.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ बेटावर जाताय ना, मग धबधब्यांची यादी बाजूला ठेवा आणि एकच ओढा धरा. ढग जिथे अडतो तिथपासून पाणी समुद्राला मिळतं तिथपर्यंत. मोठ्या देशात हे जमत नाही. तिथे नदीचा उगम एका प्रांतात, मुख दुसऱ्याच प्रांतात, आणि मधे शेकडो किलोमीटर. बेटावर नदीचा सगळा संसार एका दिवसाच्या आवाक्यात असतो. जगात फार कमी ठिकाणी अशी सोय आहे, आणि आपण ती सोडून फक्त तिचा पडणारा तुकडा बघून परत येतो.

हवाईतलं काउआई बेट घ्या. मधोमध वायआलेआले नावाचं शिखर, उंची साधारण १,५७० मीटर. ईशान्येकडून व्यापारी वारे समुद्रावरचं बाष्प घेऊन येतात, या डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. तिथे वर्षाची सरासरी ९,५०० मिलिमीटरच्या आसपास आहे. जुन्या नोंदी धरल्या तर त्याहून जास्त. डोंगर ओलांडून पलीकडे पश्चिम किनाऱ्यावर केकाहाला उतरलात तर तिथे वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तरी पुष्कळ. एका बाजूला शेवाळाने मढलेलं झाडन्‌झाड, दुसऱ्या बाजूला लाल माती आणि धूळ.

हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही बेटाचा नकाशा वाचता येतो. वारा कुठून येतो ते बघा, धबधबे त्या अंगाला. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हेच वारे आग्नेयेकडून येतात, म्हणून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाची हिरवी बाजू पूर्वेची. त्या बेटाची तऱ्हाच वेगळी. २००७ च्या फेब्रुवारीत गमेड चक्रीवादळ आलं तेव्हा तिथल्या कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. तो जागतिक विक्रम आहे. आणि लोक हॉटेल मात्र कोरड्या बाजूला घेतात (ऊन हवं असतं ना), मग डोंगरावरचा ढग बघून म्हणतात, "आज हवा खराब आहे." अहो, तो ढग आहे म्हणून तर धबधबा आहे!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलोच्या उत्तरेला अकाका धबधबा आहे. १३५ मीटरची एकच सरळ उडी. सिमेंटची पायवाट, रेलिंग, वीस-पंचवीस मिनिटांची फेरी, खाली डोहापर्यंत जाता येत नाही. गर्दी असते. सगळे वरून खाली पडणारं पाणी बघत असतात. त्याच कड्यावरून कुणीतरी खालून वर जातं, हे बहुतेकांना ठाऊकही नसतं.

तो आहे बोटभर लांबीचा एक मासा, ओओपू आलामोओ. ओढ्यातल्या दगडांवर अंडी घालतो. पिल्लं बाहेर आली की प्रवाहाबरोबर वाहत, कड्यावरून खाली पडत, थेट समुद्रात जातात. तिथे काही महिने खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतात. मग ओढ्यांच्या मुखाशी परत येतात आणि चढायला सुरुवात करतात. तेव्हा त्यांची लांबी असते जेमतेम दोन सेंटिमीटर. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची एक वाटी झालेली असते. ती ओल्या कातळाला घट्ट चिकटते. मुख्य धारेत शिरायचा प्रश्नच नाही, कडेला जिथे पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा असतो तिथून वर जायचं. शेपटीचा एक झटका, थोडं वर, मग चिकटून दम खायचा, पुन्हा झटका. त्याची एक भावकी आहे, नोपिली. ती तर तोंडाने आणि पोटाखालच्या वाटीने आळीपाळीने पकड घेत इंचाइंचाने चढते. अकाकाच्या माथ्यावर ओढ्यात आलामोओ राहतात. म्हणजे त्यांनी तो कडा चढलेला असतो. आणि कठड्याशी उभे आपण "यंदा पाणी कमी वाटतंय" म्हणत नाक मुरडतो.

रेलिंगपासून मासा दिसणार नाही, खोटी आशा लावत नाही. पण हे माहीत असलं की त्या कड्याकडे बघायची नजर बदलते. डोळे मधली पांढरी धार सोडून कडेच्या काळ्या, ओलसर कातळावर जातात. आणि लगेच पुढचा प्रश्न पडतो: हा ओढा खाली समुद्रापर्यंत सलग वाहतो का? कारण मधे कुठे तुटला तर या माशाचा रस्ताच संपला.

पुष्कळ ठिकाणी तो तुटलेलाच होता. माउई बेटावरचा हानाचा रस्ता धबधब्यांसाठी जगप्रसिद्ध, लोक तिथे अक्षरशः मोजत जातात. पण १८७० च्या दशकापासून पूर्व माउईच्या ओढ्यांचं पाणी कालवे आणि बोगद्यांतून कोरड्या बाजूच्या उसाकडे नेलं गेलं. पुलाखालून जाणारा ओढा कोरडा का, असं विचारणारे पर्यटक थोडे. तारोची (अळूसारख्या कंदाची) शेती करणारे स्थानिक मात्र वर्षानुवर्षं भांडत राहिले. २०१६ च्या अखेरीस तिथला शेवटचा साखर कारखाना बंद झाला आणि २०१८ मध्ये राज्याच्या जल आयोगाने अनेक ओढ्यांना पाणी परत देण्याचा आदेश काढला. श्रीलंकेत सेंट क्लेअर धबधब्याची वेगळी कथा. वरच्या अंगाला अप्पर कोटमले जलविद्युत प्रकल्पाचं धरण झालं, आणि आता पाणी सोडलं जातं तेवढाच धबधबा. विजेची गरज मला कळते, त्यावर मी भाषण देणार नाही. पण आपण 'निसर्ग' म्हणून ज्याचा फोटो काढतो त्याचा नळ कुणाच्या हातात आहे, एवढं तरी विचारावं की नाही?

तर अख्खा ओढा बघायचा म्हणजे काय करायचं? काउआईवर वाइलुआ नदी धरा, सगळ्यात सोपी. सकाळी पूर्व किनाऱ्यावरून आत वायआलेआलेकडे बघा; ढगाची टोपी बहुधा असतेच. मग माआलो रस्त्याने वाइलुआ धबधब्याला. गाडी थांबते तिथूनच दिसतो. तिथून ओपाएकाआ धबधब्याच्या लुकआउटला जा आणि धबधबा बघून झाला की रस्ता ओलांडा. बहुतेक लोक ओलांडत नाहीत. पलीकडून खाली नदीचं खोरं दिसतं, रुंद, संथ, वर कयाक चाललेल्या. मघाशी कोसळणारं पाणी ते हेच. मग नदीच्या मुखाशी, जिथे गोडं पाणी वाळूतून समुद्रात शिरतं. वाटेत नदीकाठी जुन्या हवाई लोकांच्या देवस्थानांचे दगडी चौथरे आहेत, तिथेही थांबा, पण दगडांवर चढू नका. ते लोक जमिनीची वाटणीच अशी करत, डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंतची एकेक पट्टी. त्यांना ओढा तुकड्यात दिसत नसावा.

उंचावरून समुद्राकडे बघायला मिळालं तर आणखी एक गंमत शोधा. किनाऱ्याला समांतर प्रवाळाची भिंत असते, तिच्यावर लाटा फुटून पांढरी रेघ उमटते. त्या रेघेत खिंड दिसली तर बरेचदा ती नेमकी एखाद्या ओढ्याच्या मुखासमोर असते. गोडं पाणी आणि गाळ प्रवाळाला सोसत नाही. म्हणजे जमीन संपली तरी ओढ्याची खूण पुढे समुद्रात चालूच. दिसायला छान, पोहायला वाईट: लाटांनी आत आलेलं पाणी त्याच खिंडीतून बाहेर ओढलं जातं, माणसासकट.

धोक्याचं निघालंच आहे तर बोलून टाकतो. "डोहात पोहायला मिळत नसेल तर जायचं कशाला?" हा प्रश्न मला हमखास येतो. बेटावरचे ओढे आखूड आणि उभे असतात. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन, वर डोंगरात सर कोसळलेली, आणि काही मिनिटांत पाणी कमरेएवढं चढतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज बदलला, की चप्पल शोधत बसू नका, वर चढा. दुसरं, वरून पाणी पडतं तिथून दगडही पडतो. ओआहू बेटावर सेक्रेड फॉल्स नावाचं उद्यान होतं. ९ मे १९९९ ला, मदर्स डेच्या रविवारी, कड्याचा भाग सुटून डोहापाशी असलेल्या गर्दीवर आला. आठ जण गेले. ते उद्यान तेव्हापासून बंद आहे, आणि आजही कुंपण ओलांडून आत गेलेल्यांचे रील माझ्या फीडमध्ये येतात. खाली कमेंट, "लोकेशन प्लीज." तिसरं, लेप्टो, म्हणजे प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येणारा आजार. डुकरं आणि उंदीर त्याच पाण्याच्या वर राहतात. पायावर जखम असेल तर डोहात उतरू नका, पाणी कितीही आरस्पानी दिसलं तरी.

आणि आता ज्यावरून नेहमी वाद होतो ते. एप्रिल २०१८ मध्ये काउआईच्या उत्तर किनाऱ्यावर वाइपा इथे २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस झाला. दरडी कोसळून रस्ता गेला. हाएना उद्यान वर्षभराहून अधिक काळ बंद राहिलं. २०१९ मध्ये उघडलं तेव्हा दिवसाला ९०० माणसांची मर्यादा आली आणि बाहेरच्यांना आरक्षण सक्तीचं झालं. हानाकापिआई धबधब्याची रानवाट इथूनच सुरू होते. "निसर्ग सगळ्यांचा आहे, तिकीट कसलं लावता?" असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रस्ता बंद असतानाच्या काळात गावकऱ्यांना आपला किनारा पुन्हा आपला वाटला, आणि सगळं पूर्वीसारखं उघडू नका म्हणणाऱ्यांत ते पुढे होते. पाहुण्याने यजमानाच्या घरी किती जण घेऊन जायचं, हे पाहुणा कसं ठरवणार? माझी तक्रार उलट आहे: अशी मर्यादा आणखी ठिकाणी हवी, आणि हेलिकॉप्टरच्या घिरट्यांनाही हवी. खाली दरीत शांत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दिवसभर घरघर चालते, त्याचा हिशेब कुठल्याच तिकिटात नसतो.

हाएनाचं आरक्षण ३० दिवस आधी खुलतं आणि भराभर संपतं, त्यामुळे तारीख पक्की असेल तर अलार्म लावून बसा. नाही मिळालं तर हळहळू नका. वाइलुआ आणि ओपाएकाआच्या लुकआउटला आरक्षण लागत नाही. सकाळी लवकर गेलात तर वाइलुआवर ऊन समोरून पडतं, इंद्रधनुष्य मिळू शकतं, आणि गाडी लावायला जागाही.