एका हाडावरून अख्खा डायनोसॉर? काकांच्या फॉरवर्डला माझं उत्तर

फॅमिली ग्रुप, बिल्डिंगचा ग्रुप, मग मॉर्निंग वॉकचा ग्रुप, तीन ठिकाणी एकच मेसेज आला. शास्त्रज्ञांना एक हाड सापडतं आणि ते त्यावरून अख्खा प्राणी रचतात, मनाला येईल ते नाव ठेवतात, मग काही वर्षांनी नाव बदलतात म्हणजे आधीचं खोटंच होतं, दगडाचं वय जीवाश्मावरून अन् जीवाश्माचं वय दगडावरून काढतात, आणि शेवटी काय तर हे नुसते जुने दगड आहेत, दिसले तर घरी आणून शोकेसमध्ये ठेवा. ग्रुपवर टाकणारे आमचे काका आहेत, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे, पण काका, मी जिऑलॉजी शिकलोय आणि ह्यातलं बरंचसं आपल्या विदर्भातच घडलंय, म्हणून गप्प नाही बसवत.

आधी ते एका हाडाचं. ह्यात थोडं खरं आहे. जबलपूरला 1828 मध्ये स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याला, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच, मोठाली हाडं सापडली, आणि त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकर ह्या जीवाश्मांच्या अभ्यासकाने 1877 मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. मणके समोरून खोलगट आणि मागून गोल फुगीर, तेव्हा माहीत असलेल्या जवळच्या प्राण्यांत असं काही नव्हतं, म्हणून वेगळं नाव. पण पुढे जगभरात तसेच मणके असलेले कितीतरी प्राणी निघाले, म्हणजे ती खूण एकट्याची राहिलीच नाही, आणि 2003 मध्ये विल्सन आणि अपचर्च ह्या दोन अभ्यासकांनी सगळं परत तपासून सांगितलं की ह्या नावावरून प्राणी ओळखू येत नाही, नाव संशयास्पद धरा. चूक काढली कोणी, तर त्याच विषयातल्या लोकांनी, आणि काढता आली कारण कुठल्या हाडांवरून काय म्हटलं हे लायडेकरने लिहून ठेवलं होतं. त्यातला एक मणका हरवला असं धरून चालले होते, तो 2012 मध्ये कोलकात्याच्या जुन्या संग्रहात परत सापडला!

आता आपल्याकडचं बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर मान, पाठ, शेपूट, कंबर, पुढचा पाय असा एकाच प्राण्याचा बराचसा सांगाडा निघाला. कवटी नाही, मागचे पाय नाहीत, आणि ते नाहीत हे लिहिलेलं आहे, कोणी लपवलं नाही. 1997 मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं, आणि 2003 मध्ये टायटॅनोसॉरस हे नावच डळमळलं तेव्हा तो झाला आयसिसॉरस कोल्बर्टी, म्हणजे ज्यांनी खोदला त्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची अक्षरं नावात आली. प्राणी तोच, हाडं तीच, फक्त तो कोणाचा नातेवाईक ह्याची समज सुधारली. नाव बदललं म्हणजे खोटं पकडलं, असं कसं म्हणता काका? शेताचा सातबारा दुरुस्त झाला म्हणून शेत खोटं होतं का?

आणि मनाला येईल ते नाव ठेवता येत नाही. एक मूळ नमुना ठरवावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात, तो संग्रहालयात नंबर देऊन ठेवायचा, मापं द्यायची, कुठल्या खाचेत, कुठल्या उंचवट्यात तो जवळच्या प्राण्यांपेक्षा वेगळा आहे ते लिहायचं, कुठल्या थरातून काढला ते सांगायचं, आणि हे सगळं छापून यावं लागतं. उद्या कोणीही जाऊन तो नमुना बघून म्हणू शकतं की नाही, तुमचं चुकलं. दोघांनी एकाच प्राण्याला दोन नावं दिली तर साधारणपणे आधीचं टिकतं. मला तरी ह्याच्याइतकं उघडं काम दुसरं माहीत नाही.

पानांचं अजून गमतीचं आहे. कामठीच्या आसपासच्या दगडात जिभेच्या आकाराची पानं मिळतात, ग्लॉसोप्टेरिस, पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. नागपूरला राहणाऱ्या हिस्लॉप पाद्रींनी जमवलेल्या अशा झाडांच्या जीवाश्मांवर बनबरी ह्या इंग्रज अभ्यासकाने 1861 मध्ये लिहिलं. ह्याच झाडाच्या मुळांना वेगळं नाव होतं, व्हर्टिब्रारिया, कारण पान आणि मूळ जोडलेलं सापडतच नाही ना सहसा, मग उगाच जोडून टाकण्यापेक्षा वेगळं नाव ठेवणं जास्त प्रामाणिक. मुळं त्याच झाडाची, हे नंतर पुराव्याने ठरलं. मेसेज म्हणतो अंदाजाने जोडतात, इथे तर उलट न जोडता थांबले.

वयाचं थोडक्यात सांगतो. आपल्या काळ्या दगडाचं, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचं वय साधारण 6.6 कोटी वर्षं, आणि ते खनिजांतल्या पोटॅशियमचा आर्गॉन वायू किती झाला त्यावरून, तसंच लाव्ह्याच्या थरांमधल्या झिरकॉन ह्या खनिजाच्या बारीक कणांत युरेनियमचं शिसं किती झालं त्यावरून काढलंय. ह्यात एकही हाड लागत नाही. डायनोसॉरची हाडं मिळतात तो लॅमेटाचा थर त्या लाव्ह्याच्या खाली आहे, म्हणजे तो आधीचा. गोल गोल फिरणं कुठे आलं?

राहिली शेवटची ओळ, घरी आणून ठेवा. ह्याचाच मला जास्त त्रास होतो. वरोऱ्याजवळचं पिजदुरा, शोधनिबंधांत पिसदुरा लिहितात ते, तिथे शेतात हाडांचे तुकडे आणि दगड झालेली विष्ठा मिळते. बटाट्यासारखी दिसते, कोणी बघणारही नाही. पण त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि 2005 मध्ये जगाला कळलं की डायनोसॉरच्या काळात गवत होतं, तेही आपल्याकडे. कळलं कारण ते गोळे कुठल्या गावचे, कुठल्या थरातले ही नोंद होती. तोच गोळा कोणाच्या शोकेसमध्ये असता तर आज नुसता गोळाच असता. मी स्वतः एका घरी टीव्हीखाली ठेवलेलं हाड बघितलंय, सुंदर होतं, पण कुठून आणलं विचारलं तर "तिकडे कुठेतरी, पिकनिकला गेलो होतो तेव्हा". संपलं, त्या हाडाचं आता काहीच सांगता येत नाही.

म्हणून काका, पुढच्या वेळी तिकडे गेलात आणि काही दिसलं तर हात नका लावू, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून दोन-तीन फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा आणि मला पाठवा. इथल्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ऑफिसपर्यंत मी पोचवतो.