केबलपेक्षा सेटिंग आधी बघा
टीव्हीला साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडला की सराउंड साउंड मिळतो, असं एका लेखात वाचलं. हे अर्धंच खरं आहे. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस फॉरमॅटमधलं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातं, पण टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (म्हणजे कॉम्प्रेस न केलेला साधा डिजिटल आवाज) असेल तर त्याच केबलमधून फक्त स्टिरिओ बाहेर पडतो. माझ्याकडे कितीतरी दिवस हेच चाललं होतं. मागच्या स्पीकरला अगदी कान लावला तरी काही ऐकू येईना, आणि बारच्या छोट्या डिस्प्लेवर 'पीसीएम' अशी अक्षरं दिसत होती. सेटिंग 'पासथ्रू' केलं (म्हणजे आलेला आवाज टीव्हीने तसाच पुढे पाठवायचा; काही टीव्हींवर 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' असतं) आणि पुढच्याच प्रसंगात पाऊस पाठीमागे पडायला लागला. खरंच अंगावर काटा आला!

अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो असा डॉल्बीचा सराउंड) हवं असेल तर मात्र ऑप्टिकलचा नाद सोडा. स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, ते ऑप्टिकलमधून जात नाही. एचडीएमआय एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच बारकडे पाठवायची सोय) जाऊ शकतं, टीव्ही ते पुढे पाठवत असेल तर. ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीला (डॉल्बीचा दर्जा न घटवलेला आवाज) ईएआरसी, म्हणजे एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती लागते, किंवा बारला एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेअर थेट बारलाच जोडावा. आणि केबल टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआय पोर्टमध्ये नको, ज्याच्याशेजारी बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलंय त्यातच घाला. सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना नियंत्रित करतात ती सोय) बंद असेल तर तेही चालू करा, अनेक टीव्हींवर त्याशिवाय एआरसी सुरूच होत नाही.