दुसऱ्या प्रकरणाची सोय

पीएच.डी.साठी ‘महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका’ हा विषय आपण निवडला असेल आणि पुढे अपूर्णविराम देऊन आपल्या तालुक्याचे नाव घातले असेल, तर निम्मे काम झाले असे समजावे. राहिले दुसरे प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. त्यासाठी पूर्वीचे संशोधन वाचावे लागते, असा एक गैरसमज नवख्या संशोधकांत आढळतो. तो प्रथम दूर करावा.

शेजारच्या तालुक्यावरचा प्रबंध शोधगंगेवरून, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून, उतरवून घ्यावा. ‘उतरवून घेणे’ या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि आपल्याला दोन्ही लागणार आहेत. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात पदरचे पैसे उसने देणारे, पुढे ग्रामीण बँक काढणारे मुहम्मद युनूस, १९९२ साली ५०० बचत गट बँकांना जोडायला निघालेली नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक, अशी सगळी मंडळी तिथे ओळीने आयती बसलेली सापडतात. त्यांना उठवू नये. युनूस यांना नोबेल २००६ साली मिळाले, पण त्या प्रबंधात २००५ छापले असेल तर आपणही २००५च ठेवावे. परंपरेचा मान राहतो.

नोंदीचा साचा ठरलेला आहे. अमुक यांनी अमुक साली अमुक विषयावर संशोधन केले, त्यांना अमुक आढळून आले, आणि प्रस्तुत संशोधन त्याहून भिन्न आहे, कारण ते तासगावचे होते आणि हे खानापूरचे आहे. अशा साठ-सत्तर नोंदी एका पंगतीत बसवाव्यात, मात्र त्यांना आपसांत बोलू देऊ नये, कारण बोलू दिले की भांडण जुंपते. ॲन मेरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये बांगलादेशातील कर्जांबाबत विचारले, की बाईच्या नावावरचा पैसा वापरतो कोण. पुष्कळ घरांत उत्तर निघाले, घरातला पुरुष. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्या सोडतीने निवडून तिथे कर्जसंस्था आधी जाऊ दिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात धंद्यातली गुंतवणूक वाढलेली दिसली, महिला सक्षमीकरणात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

आता आपल्या गृहीतक क्रमांक एकमध्ये फरक पडतो असे लिहून झाले आहे आणि प्रश्नावलीच्या तीनशे प्रती छापून घरी येऊन पडल्या आहेत. एखादा भाबडा माणूस म्हणेल, की हैदराबादचे गट कर्जासाठीच जमवलेले होते, आपले गट आधी महिन्याला बचत करतात आणि मग आपसांत कर्ज देतात, तेव्हा या वेगळेपणाने निष्कर्ष बदलतो का, हेच तपासू या. म्हणजे आढाव्यातून चक्क संशोधनाचा प्रश्न निघाला! असले प्रसंग कटाक्षाने टाळावेत. पहिले प्रकरण पुन्हा लिहावे लागते, प्रश्नावली रद्दीत जाते, आणि मार्गदर्शकांच्या निवृत्तीला तर आठच महिने उरलेले असतात. त्यापेक्षा गोएट्झबाईंना आणि हैदराबादला गाळावे. पंगतीतली दोन पाने कमी झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे पाहणाऱ्या साम्य-तपासणीचा धसका घेऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सुटते, आणि उरलेल्यासाठी ‘आढळून आले’, ‘दिसून आले’ व ‘निदर्शनास आले’ या तिघांना आळीपाळीने राबवावे.

प्रकरणाच्या अखेरीस ‘वरील आढाव्यावरून असे स्पष्ट होते की खानापूर तालुक्यातील बचत गटांवर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य येते. ते खरे तर सर्वांत आधी लिहून ठेवावे आणि त्यानंतर शोधगंगेवर ‘खानापूर’ हा शब्द चुकूनही शोधू नये. बहिःस्थ परीक्षक कोण येणार, याची मात्र चौकशी करावी. तासगाव ज्यांचे, तेच आले तर २००५ हा आकडा त्यांना ओळखीचा वाटेल. तरीही घाबरण्याचे कारण नाही; त्यांनीही तो कुठून तरी उतरवूनच घेतलेला असतो.