‘सेट’चे ४३० अर्थ आणि आपलं ‘लावणं’

गेले काही दिवस एक मजकूर बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांत, भिशीत, भजनी मंडळात सगळीकडे फिरतोय. इंग्रजीतल्या ‘सेट’ या एका शब्दाला ४३० अर्थ आहेत, म्हणजे ती भाषा दरिद्री. तिथे एकाच शब्दाला दहा जणांची कामं करावी लागतात. मराठीत प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द आहे, म्हणून आपल्याकडे गोंधळ होत नाही. पुरावा म्हणून ‘अंकल’ (काका-मामा दोघांनाही तिथे एकच शब्द), आणि शेवटी ‘खरे मराठी असाल तर पुढे पाठवा’. लोक मराठीच्या प्रेमापोटीच पाठवतात, हे मला कळतं. माझंही तेच प्रेम आहे, म्हणूनच हे लिहितेय. एका शब्दाचे अनेक अर्थ, हे मराठीचं जे बळ आहे, तेच या मजकुरात दोष ठरवलंय.

आकडा खरा आहे, पण अर्धवट सांगितलेला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. यात कधीच वापरातून गेलेले अर्थ आले, ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’ असे जोडप्रयोगही आले. अर्थांचे तुकडे किती बारीक पाडायचे, हे कोशकार ठरवतो.

‘एकच शब्द’ हेही बरोबर नाही. कपबशांचा ‘सेट’ लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आलेला, मूळ अर्थ अनुयायांचा जथा. घड्याळ ‘सेट’ करतो तो जुन्या इंग्रजीतला, ‘सिट’चं प्रयोजक रूप. म्हणजे बसणे आणि बसवणे. दोघांचा उच्चार एक झाला, इतकंच. आपल्याकडे दुखते ती मान संस्कृत ‘मन्या’पासून आलेली आणि मिळतो तो मान वेगळा, तसंच हे.

आता मुख्य दावा, मराठीत प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द असल्याचा. काल संध्याकाळी मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. सुनेनं कुकर लावला. मी देवापाशी दिवा लावला, डास येतात म्हणून खिडकी लावली. नातवानं टीव्ही लावला. रात्री दही लावलं, गुडघ्याला तेल लावलं, पहाटेचा गजर लावला. दिवा लावला की पेटतो आणि खिडकी लावली की बंद होते! एकाच क्रियापदाचे इतके उलट अर्थ, तरी चार वर्षांचं पोरही चुकत नाही, कारण शेजारी ‘दिवा’ आहे की ‘खिडकी’ हे त्याला ऐकू येतं. आपण झाड लावतो, शिकवणी लावतो, पैज लावतो, जीव लावतो. शब्दाचा अर्थसुद्धा आपण लावतोच.

आणि हे ‘लावणे’ म्हणजे ‘लागणे’चं प्रयोजक, ‘सिट’वरून ‘सेट’ तसंच. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, रस्त्यात गाव लागतं, अमका आपला मामा लागतो. फिरणाऱ्या त्या मजकुरातही ‘कामं करावी लागतात’ असंच लिहिलंय. ‘लागणे’ काढून घेतलं तर ते वाक्यसुद्धा उभं राहत नाही.

जॉर्ज झिप या अमेरिकी अभ्यासकानं १९४५ साली दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरात, त्याला साधारणपणे अर्थही जास्त. घरात कुकर आला, टीव्ही आला, तेव्हा आपण नवं क्रियापद शोधत बसलो नाही. हाताशी ‘लावणे’ होतं.

गोंधळाचं म्हणाल, तर बडोद्याच्या मराठी घरात रोज त्याची परीक्षा होते. माझी नात बाहेरून रडत येते आणि म्हणते, ‘आजी, मला दार वागलं.’ गुजरातीत ‘वागवुं’ म्हणजे इजा होणं, आणि ‘केटला वाग्या?’ म्हणजे किती वाजले. मराठीत वागणं तिसरंच. मी मात्र सरळ हळदीचा डबा काढते.

एका शब्दाला एकच अर्थ हवा असतो तो कायद्यात, गणितात. तिथे तो ठरवून घ्यावा लागतो. गणितातला ‘सेट’ मराठीत ‘संच’ आहे, इथल्या गुजराती शाळांत ‘गण’. राज्यकारभारातल्या शब्दांसाठी सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश याच शहरात निघाला. कचेरीची ती गरज खरी होती. स्वयंपाकघराची ती गरज नाही.

राहिला ‘अंकल’. काका आणि मामा आपल्याकडे वेगळे, मान्य. पण गुजराती शेजारणीकडे मावशीचे यजमान ‘मासा’ आणि आत्याचे ‘फुआ’. आमच्या घरात ते दोघेही काकाच. मग मराठी गुजरातीपेक्षा दरिद्री म्हणायची का? उलट, आपले काल आणि उद्या दोन, त्यांचं ‘काले’ एकच. आणि आपल्या ‘परवा’त मागचाही दिवस येतो, पुढचाही. मांजलपूरची बहीण फोनवर म्हणाली, ‘परवा तुझ्या दारावरून गेले गं, घाईत होते. परवा जेवायलाच येते.’ मी बरोबर पुढच्या परवासाठी पुरणाची डाळ आणून ठेवली.