नगरसेवकाच्या हातात काही नसतं, हे खरं नाही

महापालिकेची निवडणूक आली की एक संदेश फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: नगरसेवकाला अधिकार नसतात, शहर आयुक्तच चालवतात, उमेदवाराची खरी माहिती मिळत नाही, चार जणांच्या प्रभागात जाब कोणाला विचारणार? म्हणून माणूस बघू नका, चिन्ह बघा. हा सल्ला प्रभागाच्या नुकसानीचा आहे.

आयुक्त शासन नेमतं आणि अंमलबजावणी त्यांच्याकडे असते, एवढं बरोबर. पण त्यांनी मांडलेलं अंदाजपत्रक स्थायी समितीत, म्हणजे काही निवडक नगरसेवकांच्या समितीत, बदलतं आणि सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेत मंजूर होतं. मोठ्या रकमेच्या निविदा आणि करांचे दर सदस्यांच्या मतांवर ठरतात. एकूण सदस्यांपैकी किमान पाच अष्टमांश सदस्यांनी आयुक्तांना परत पाठवण्याचा ठराव केला, तर शासनाने त्यांना परत बोलवावं, अशीही कायद्यात तरतूद आहे. 2022 पासून बहुतेक महापालिकांवर नगरसेवकांऐवजी शासनाने नेमलेले प्रशासक होते, तेव्हाही शहर चाललंच की, असं काहीजण म्हणतात. चाललं, पण अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी होता. अमुक गल्लीची जलवाहिनी का वगळली, हे सभागृहात विचारायला कोणी नव्हतं.

नगरसेवकाचा प्राधान्यक्रम भाषणात शोधू नये, तो वर्गीकरणात दिसतो. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. मलवाहिनीच्या कामाला आधी पातळीची मोजणी लागते, पुढच्या वाहिनीची क्षमता बघावी लागते, रस्ता खोदायला वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. यात महिने जातात. पाठपुरावा झाला नाही तर फेब्रुवारीत तीच रक्कम पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि नामफलकांकडे वळते, कारण ही कामं काही आठवड्यांत उरकतात आणि डोळ्यांना दिसतात. मग जुन्या थरावरच नवे ब्लॉक बसतात, चेंबर खाली गाडले जातात, रस्त्याची पातळी जोत्याच्या वर जाते आणि पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यात पाणी शिरतं. पुढच्या वर्षी वाहिनीसाठी तेच ब्लॉक उखडावे लागतात. आधी वाहिनी, मग रस्ता, हा क्रम धरून बसणारा नगरसेवक आणि दरवर्षी ब्लॉक बदलणारा नगरसेवक यांच्यात फार मोठा फरक आहे, आणि तो चिन्हावरून कळत नाही.

माहिती मिळत नाही, हेही चूक. उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावंच लागतं: गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण. त्यातला मजकूर खरा आहे का, हे निवडणूक निर्णय अधिकारी शोधत बसत नाही. ते काम वाचणाऱ्याचं. आधी लढलेल्या उमेदवाराचं मागचं शपथपत्र शेजारी ठेवा. गुन्ह्यांची नुसती संख्या मोजू नका, कलमं वाचा. पाण्यासाठी केलेल्या आंदोलनाचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा सारखे नाहीत. जमिनींचे सर्व्हे क्रमांक विकास आराखड्यातल्या आरक्षणांशी, म्हणजे रस्ते, बागा, शाळांसाठी राखून ठेवलेल्या जागांशी, ताडून बघा. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणं आणि स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम करणं, ही दोन्ही अपात्रतेची कारणं आहेत. पदवीला आम्ही त्यामानाने कमी महत्त्व देतो.

राहिला चार जणांच्या प्रभागाचा प्रश्न. जबाबदारी एकमेकांवर ढकलली जाते, ही तक्रार रास्त आहे. पण अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी मत वेगळं असतं आणि चारही मतं एकाच पक्षाला देण्याचं बंधन नाही. मुंबईत तर प्रभागात एकच नगरसेवक असतो. कोणतं काम कोणी सुचवलं, हे कागदावर राहतं. माहिती अधिकाराच्या अर्जात प्रभाग क्रमांक आणि आर्थिक वर्ष लिहून त्या कामाचं मागणीपत्र, वर्गीकरणाचा ठराव, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला काम सुरू करण्याचा आदेश) आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंद) प्रत मागा. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून दोन कामांसाठी दोन अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यानंतरच्या 30 दिवसांत पहिलं अपील दाखल करता येतं.